पुतळी : व्हेनिसचें सोन्याचें नाणें व सोलापुराकडील एक माळ

सुमारें बारा वर्षांपूर्वीं सोलापूर शहरांतील एका जुन्या घराण्याच्या रुमालांतील मोडी कागदांच्या नकला आम्ही करीत होतों. त्यांत नगद व दागिने यांची एक यादी निघाली. यादीवर शक-मिति नाहीं. परंतु अक्षराचें वळण पाहतां ती पेशवाईच्या अखेरीची असावी. आधीं मोहरा, मग होन, त्याखालीं 'पुतळ्या १७' आणि त्याखालीं रुपये, असा तिचा क्रम होता. नकलेखालीं आम्हीं टीप दिली कीं, पुतळ्या म्हणजे देवघरांतील सोन्याच्या लहान मूर्ति होत. टीप देतांना आम्हांस यत्किंचितहि शंका आली नाहीं. ज्याचें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें त्यास 'पुत्तलिका' हा शब्द इतका परिचयाचा असतो कीं, विक्रमाच्या सिंहासनाच्या बत्तीस पुत्तलिका आठवल्या म्हणजे पुढें विचार करण्याचें कारणच उरत नाहीं.

नकल घरांतील मंडळींस वाचून दाखवीत असतां त्या घरच्या वृद्ध आजी माजघराच्या उंबऱ्याशीं बसून ऐकत होत्या. टीप कानांवर पडतांच त्या म्हणाल्या, "मास्तर, देवापुढं सतरा सतरा पुतळ्या कोण मांडतं? त्या गळ्यातल्या पुतळ्या." आणि थोड्या वेळानें त्यांनीं आंतून लाल फडक्यांत गुंडाळलेली एक माळ आणून आमच्या पुढें ठेविली.

आजींचें म्हणणें आमच्या टिपेपेक्षां सत्याच्या पुष्कळ जवळ होतें. परंतु पुरें सत्य तेंहि नव्हतें. यादीचा क्रम नीट पाहिला असता तर आमची चूक आम्हांसच कळली असती. होन व रुपये यांच्यामध्यें मूर्ति येत नाहीं आणि दागिनाहि येत नाहीं. दागिन्यांची कलमें त्या यादींत पुढें निराळीं आहेत. दोन नाण्यांच्या मध्यें जें येतें तें नाणेंच असतें. पुतळी हें सोन्याचें नाणें होय, तें युरोपांतील व्हेनिस शहराचें होय, आणि त्याची माळ होणें ही मागाहूनची गोष्ट होय. ही ओळख नाणकशास्त्राच्या अभ्यासकांस नवी नाहीं. पण जुने कागद वाचणाऱ्यांच्या हातून आमच्यासारखीच चूक वारंवार होते, म्हणून हा लेख.

या नाण्याचा जन्म इ. स. १२८४ चा. फ्लॉरेन्स शहरानें १२५२ पासून आपलें सोन्याचें नाणें पाडण्यास आरंभ केला होता. त्याच्या तोडीचें नाणें असावें म्हणून जोव्हानी दांदोलो हा व्हेनिसचा दोजे, म्हणजे त्या लोकसत्ताक राज्याचा निवडलेला मुख्य अधिकारी, असतांना हें नाणें काढण्याचा ठराव झाला. वजन सुमारें साडेतीन ग्रॅम, आणि कस शेंकडा नव्याण्णवांहून अधिक. आपल्या भाषेंत बावनकशी. एका बाजूस संत मार्क उभा असून तो पुढें गुडघे टेकून बसलेल्या दोजेच्या हातीं निशाण देत आहे. निशाणाची काठी दोघांच्या मध्यें उभी आहे. दुसऱ्या बाजूस बदामाच्या आकाराच्या वर्तुळांत ख्रिस्ताची उभी मूर्ति व तिच्या भोंवतीं तारका. कडेच्या लॅटिन लेखाचा आशय असा कीं, हे ख्रिस्ता, ज्यावर तुझीच सत्ता आहे तें हें राज्य तुला अर्पण असो. आपलें राज्य देवास वाहून त्याच्या नांवें कारभार करण्याची ही कल्पना आपल्या लोकांस परकी वाटण्याचें कारण नाहीं; त्रावणकोरच्या मार्तंड वर्म्यानें १७५० मध्यें तेंच केलें. या लेखांत राज्य या अर्थाचा जो शेवटचा शब्द आहे त्यावरून नाण्यास 'ड्यूकट' हें नांव रूढ झालें.

पुढें सोळाव्या शतकांत त्यासच 'झेक्किनो' म्हणूं लागले. व्हेनिसच्या टांकसाळीचें नांव 'झेक्का', आणि हा शब्द अरबी 'सिक्का' या शब्दापासून तिकडे गेलेला आहे. तोच अरबी शब्द फारसीच्या वाटेनें आपल्याकडे येऊन 'शिक्का' झाला. म्हणजे आमच्या आजींच्या फडक्यांतील नाण्याचें इटालियन नांव आणि त्याच घरच्या कागदांवर उमटलेला शिक्का हीं दोन्हीं एकाच शब्दाचीं लेंकरें होत. व्युत्पत्तीच्या नादानें आमचा एकदां घात झाला असला तरी ही एवढी व्युत्पत्ति सांगितल्याविना आमच्यानें राहवत नाहीं.

या नाण्याचा मोठा गुण असा कीं, तें बदललें नाहीं. १२८४ पासून १७९७ पर्यंत, पांचशें वर्षांहून अधिक काळ, तेंच चित्र, तोच लेख आणि तोच कस. वजनांत फरक पडला तो फार थोडा. बदले तें फक्त दोजेचें नांव. १७९७ मध्यें नेपोलियननें तें राज्य बुडविलें, तेव्हांचा शेवटचा दोजे लुदोविको मानीन. इतका दीर्घकाळ एका रूपांत राहिलेलें सोन्याचें नाणें जगाच्या इतिहासांत विरळा. अक्षर न ओळखणाऱ्या माणसासहि त्याची ओळख पटे, आणि दूरदेशीं चालणाऱ्या नाण्यास हीच गोष्ट सर्वांत अधिक उपयोगी पडते.

तें इकडे आलें कसें, हें पोर्तुगीजांच्या इतिहासावरून समजणार नाहीं. फिरंगी वस्तु दिसली कीं ती गोव्याहून आली असें म्हणण्याची आपल्याकडे संवय आहे, आणि पुतळीस पोर्तुगीज नाणें म्हणणारेहि आम्हांस भेटले आहेत. गोव्याच्या टांकसाळींत सोळाव्या शतकापासून संत तोमासच्या नांवाचें सोन्याचें नाणें पडत असे, त्यामुळें हा घोटाळा होत असावा. परंतु वास्को द गामा १४९८ मध्यें कालिकतास येण्याच्या कितीतरी आधीं व्हेनिसचें सोनें हिंदुस्थानांत पोंचलें होतें. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धांत विजयनगर पाहून गेलेला निकोलो कोंती हिंदुस्थानच्या कांहीं भागांत व्हेनिसचे ड्यूकट चालतात असें सांगतो. भडोच येथें एकोणिसाव्या शतकांत सांपडलेल्या जुन्या सांठ्यांत मिसरच्या सुलतानांच्या नाण्यांबरोबर व्हेनिसचींहि नाणीं होतीं. ही संगतच वाट दाखविते. व्हेनिसचे व्यापारी मिरीं, मसाले व कापड कैरो आणि हलब येथें विकत घेत. त्याच्या मोबदल्यांत देण्याजोगा माल त्यांच्यापाशीं पुरेसा नसे, म्हणून सोनें देत. तें सोनें तांबड्या समुद्रानें व बसऱ्यावरून, अरब व गुजराती व्यापाऱ्यांच्या हातांतून सुरत, चौल, दाभोळ या बंदरांत उतरे. दाभोळ हें विजापूरकरांचें बंदर. तेथून घाट चढून माल देशावर येई. जगभर फिरलेलें सोनें-रुपें अखेर हिंदुस्थानांत येऊन गडप होतें, अशी तक्रार बर्निये या फ्रेंच प्रवाशानें औरंगजेबाच्या अमदानींत केली आहे. गडप कोठें होतें, तें आजींच्या फडक्यांत पाहावयास मिळालें.

या नाण्याची पत केवढी होती याचें एक प्रमाण मिसर देशांतच आहे. तेथील सुलतान अल्-अश्रफ बार्सबाय यानें १४२५ मध्यें ड्यूकटास तोंड देण्यासाठीं जवळ जवळ त्याच्याच वजनाचें आपलें सोन्याचें नाणें काढलें. त्याच्या बिरुदावरून त्यास 'अश्रफी' म्हणत. तो शब्द पुढें फारसींतून आपल्या कागदांत आला व मोहरेच्या अर्थानें वापरांत राहिला. त्याचें मूळ मात्र व्हेनिसशीं केलेल्या चढाओढींत आहे.

दक्षिणेंत हें नाणें नाण्याच्याच रूपानें टिकलें, याचें कारण आम्हांस असें दिसतें. मोगलांच्या मुलखांत परदेशी सोनें-रुपें टांकसाळींत देऊन बादशाही शिक्क्याचें करून घ्यावें लागे. दक्षिणेंतील व्यवहार निराळा. येथें विजयनगरचे जुने होन, पातशाही होन, पाळेगारांचे होन व फलम अशीं तऱ्हेतऱ्हेचीं नाणीं एकाच बाजारांत चालत, आणि प्रत्येकाचा भाव सराफ ठरवी. विजयनगरचा वराह सुमारें ३·४ ग्रॅमांचा. ड्यूकट सुमारें ३·५ ग्रॅमांचा. वजनानें वराहाच्या शेजारीं बसणारें आणि कसानें त्याहून चोख असें हें नाणें सराफास अडचणीचें न होतां सोयीचेंच झालें. त्यास नवा शिक्का मारण्याची गरज कोणास भासली नाहीं. शिवराई होन याहून हलका, पावणेतीन ग्रॅमांच्या आसपास.

कृष्णाजी अनंत सभासदानें १६९७ मध्यें चंदीस राजाराम महाराजांसाठीं लिहिलेल्या बखरींत शिवछत्रपतींच्या खजिन्यांतील सोन्याच्या नाण्यांची जी मोठी यादी दिली आहे, तींत पुतळ्यांचें कलम आहे. तें मोहरा व होन यांच्या सोबत आलें आहे, रत्नशाळेच्या कलमांत नव्हे. बखरींतील आंकड्यांविषयीं कोणीं कांहींहि म्हणो. त्या काळच्या जाणत्या कारकुनास पुतळी हें नाणें वाटे, दागिना वाटत नसे, एवढें त्यावरून सिद्ध होतें. १६७४ सालीं रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हां व्हेनिसच्या गादीवर दोमेनिको कोंतारिनी हा दोजे होता.

सोलापूरचा या कथेंत संबंध काय, असें कोणी विचारील. हा किल्ला निजामशाही व आदिलशाही यांच्या मध्यें आंदणांत दिला-घेतला जाणारा. चांदबिबीच्या लग्नांतहि तो आंदण गेला. पुढें तो मोगलांकडे आला. १६८५ मध्यें औरंगजेबानें येथें तळ दिला आणि येथूनच विजापूरच्या वेढ्याची व्यवस्था पाहिली. १६८६ मध्यें विजापूर पडलें. १६९५ पासून १६९९ पर्यंत त्याची छावणी माचणूरजवळ भीमेच्या कांठीं ब्रह्मपुरीस होती. ती छावणी म्हणजे एक चालतें शहरच. लष्करामागून सराफ, सावकार, जवाहिरे सर्व आलेच. सोलापूरच्या नांवाची औरंगजेबाची टांकसाळ होती आणि तिच्या मोहरा व रुपये संग्राहकांच्या पाहण्यांत नेहमीं येतात. म्हणजे एकाच मुलखांत बाहेरील सोन्यास दोन वाटा होत्या : टांकसाळींत वितळून मोहर होणें, अथवा जसेंच्या तसें राहून सराफाच्या पेटींत होनांशेजारीं पडून असणें. दुसऱ्या वाटेनें गेलें तेंच आज आपल्या हातीं लागतें.

आतां नांवाविषयीं. लोकांनीं या नाण्यावर काय पाहिलें ? संत मार्क व दोजे त्यांस ठाऊक नव्हते. मध्यें ध्वज, एक उभी आकृति, एक नम्र आकृति, हें पाहून कोणीं राम-सीता म्हटलें, कोणीं राम-लक्ष्मण. मागील बाजूस प्रभावळींत उभी असलेली मूर्ति तर देवाचीच. मूर्ति असलेलें नाणें ती पुतळी. होनांवरहि देवांच्या मूर्ति असत, परंतु होनास त्याचें जुनें नांव होतें. नवख्या नाण्यास दिसेल तें नांव मिळालें. मलबारांत याच चित्रांत लोकांनीं माडावर चढणारा शाणार पाहिला आणि नाण्यास 'शाणार काशु' म्हटलें! केरळांत यासच आमाड म्हणतात व त्याचीहि माळ होते. माडाच्या मुलखांत माड दिसला, रामाच्या मुलखांत राम दिसला. संत मार्क मात्र कोणासच दिसला नाहीं.

परदेशी नाणें गळ्यांत बांधण्याची चाल या मुलखांत नवीन नव्हे. सोलापुराजवळ दारफळ येथें १८४० सालीं रोमन सोन्याचीं नाणीं सांपडलीं. तीं इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापासून सेव्हेरस बादशहाच्या काळापर्यंतचीं होत. तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथें रोमन नाण्यांवरून मातीचीं पदकें करीत आणि गळ्यांत बांधण्यासाठीं त्यांस भोंकें अगर नाकीं ठेवीत. ज्यांस सोन्याचें मिळत नसे ते मातीच्या पदकावर हौस भागवीत असावे. संस्कृतांत 'दीनार' हा शब्द रोमन 'देनारियुस'पासून आला व 'द्रम्म' ग्रीक 'द्रख्मे'पासून, हें सर्वश्रुत आहे. परंतु 'निष्क' या शब्दाचा प्रवास पुतळीच्या उलट आहे. ऋग्वेदांत निष्क हा गळ्यांतील अलंकार. पाणिनीच्या काळीं त्यानें वस्तूंचें मोल सांगत. अमरानें तर त्याच्या अर्थांत दीनारहि घातला. तेथें दागिन्याचें नाणें झालें, येथें नाण्याचा दागिना झाला. दोन्हीं वेळीं दोन्हीं अर्थ कांहीं काळ शेजारीं नांदले, आणि वाचकाची फसगत होते ती अशाच काळांतील कागदांत.

आतां त्या माळेकडे वळूं. आजींच्या परवानगीनें आम्हीं ती दोन दिवस पाहिली व एका ओळखीच्या सराफाकडून प्रत्येक पुतळी तोलून घेतली. पटवेकऱ्यानें रेशमी गोफांत ओंवलेल्या एकूण एकोणीस पुतळ्या. प्रत्येकीस वर सोन्याची कडी झाळलेली. पैकीं अकरा खऱ्या ड्यूकट निघाल्या. कडीसकट त्यांचें वजन चार माशांच्या आंत-बाहेर. उरलेल्या आठ इकडच्या सोनारांनीं केलेल्या, दोन माशांच्या आसपास, पातळ पत्र्यावर ठसा उठविलेल्या. त्यांवरील दोन्हीं आकृति उभ्या, काठीचें झाड झालेलें आणि कडेचीं अक्षरें म्हणजे नुसत्या उभ्या रेघा. पाठ कोरी.

भिंग घेऊन खऱ्या नाण्यांवरील दोजेंचीं नांवें आम्हीं वाचलीं. सर्वांत जुनें सिल्व्हेस्त्रो व्हालिएर याचें; त्याची कारकीर्द १६९४ ते १७००, म्हणजे ब्रह्मपुरीच्या छावणीचाच काळ. तें नाणें त्या छावणींतून आलें असें म्हणण्याचा मोह आम्हीं आवरतों. चार नाण्यांवर आल्व्हीसे मोचेनीगो हें नांव. येथें सावध राहावें लागतें. या एकाच नांवाचे चार दोजे झाले, १५७० पासून १७७८ पर्यंत पसरलेले, आणि ठशाची घडण पाहिल्याविना नाणें कोणाचें तें ठरत नाहीं. तीन पाओलो रेनिएर याचीं (१७७९ ते १७८९). दोन इतकीं झिजलीं होतीं कीं नांव लागलें नाहीं. उरलेलें एक लुदोविको मानीन याचें. या शेवटच्या नाण्यास आम्हीं फार महत्त्व देतों. मानीन १७८९ मध्यें गादीवर बसला. तेव्हां ही माळ, आज आहे त्या स्वरूपांत, त्यापूर्वींची असूं शकत नाहीं. घरांत ती 'निजामशाहीपासूनची' म्हणून सांगत. निजामशाही १६३६ मध्यें संपली.

यादींतील सतरा व माळेंतील अकरा यांचा मेळ कसा घालावा ? आमचा तर्क असा कीं, सतरा हीं नाणीं म्हणूनच पेटींत होतीं. पुढें कांहीं अडीनडीस मोडलीं, उरलेल्यांस कड्या लागल्या आणि माळ भरून दिसावी म्हणून सोनारी पुतळ्या जोडल्या गेल्या. यादींत वजन दिलेलें असतें तर हा तर्क राहिला नसता. ज्यांच्यापाशीं अशा याद्या आहेत त्यांनीं पुतळीपुढील वजनाचा अगर किमतीचा आंकडा सोडूं नये. नग सांगितले व वजन न सांगितलें तर बहुधा नाणें, वजन तोळ्या-माशांत दिलें तर बहुधा दागिना, असा आमचा अनुभव आहे. तोळा १८० ग्रेनांचा असें मान कंपनी सरकारनें १८३३ मध्यें ठरविलें. त्या मानानें एक ड्यूकट म्हणजे तीन मासे व पावणेपांच गुंजा. आणि दहा ड्यूकटांचे बरोबर तीन तोळे भरतात, फरक गुंजेच्याहि आंत. हा निवळ योगायोग; जुन्या याद्यांतील तोळा याहून थोडा निराळा असे, हें ध्यानांत ठेवूनच ताळा पाहावा.

माळ पाहिल्यावर तिसऱ्या वर्षीं आजी वारल्या. पुढें घरांत वांटणी झाली. एक दिवस त्यांचा नातू आम्हांस वाटेंत भेटला, तेव्हां आम्हीं माळेची चौकशी केली. तो सहज म्हणाला, "वाटणीला सोपं जावं म्हणून मोडली, काका. तिन्ही घरांत बांगड्या झाल्या." सोन्याचें वजन त्यांनीं चोख करून घेतलें होतें, त्यांत कोणाची फसवणूक नव्हती. खऱ्या व सोनारी पुतळ्या एकाच मुशींत गेल्या. आम्हीं त्या मुलास दोष देत नाहीं. माळ आमच्या हातीं दोन दिवस होती आणि तिचें मोल काय तें आम्हीं तिघां भावांपैकीं एकासहि नीट समजावून सांगितलें नव्हतें. जें कांहीं सांगितलें तें आजींस.

आज आमच्यापाशीं उरलें आहे तें एवढेंच : अकरा खऱ्या व दोन सोनारी पुतळ्यांचे पातळ कागदावर शिसपेन्सिलीनें घासून घेतलेले दोन्ही बाजूंचे ठसे, आणि सराफाच्या हातच्या वजनांचा एक कागद. मानीनच्या नाण्याचा ठसा चांगला उठला आहे. व्हालिएरच्या नाण्यावर कडी नेमकी नांवाच्या आरंभीं झाळलेली असल्यामुळें पहिलीं दोन अक्षरें उमटलेलीं नाहींत.

आमच्या पूर्वीच्या नकलेंत 'पुतळ्या १७' या कलमाखालीं जी टीप आहे, ती वाचकांनीं पुढीलप्रमाणें दुरुस्त करून घ्यावी : 'देवघरांतील सोन्याच्या लहान मूर्ति' हे शब्द काढून 'व्हेनिसचें सोन्याचें नाणें, नग सतरा, वजन दर नगास अदमासें तीन मासे पावणेपांच गुंजा' असें वाचावें.